सेवापुस्तकातील एक रकाना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त द्वारका येथे योजिलेल्या 'शालान्त परीक्षेपासून आजवर' या भाषणमालेतील एका सभासदाचे भाषण)



या मालेत आमच्या आधी बोलून गेलेल्या सभासदांपैकी कोणी सैन्यात होते, कोणी वैद्यकीत, कोणी अध्यापनात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या हिशेबाच्या वह्यांत गेले. बी. ए. ची पदवी, नोकरी, बदल्या आणि आता चार वर्षांवर आलेली निवृत्ती. एवढ्यात ते आटोपते. तथापि शालान्त परीक्षेनंतर गाव सोडून जो तो येथवर कसा आला, हा या मालेचा विषय येथे जमलेल्या प्रत्येक घराचा विषय आहे. आणि त्या विषयापुरते का होईना, सरकारी नियमांच्या पुस्तकातही काही शहाणपण सापडते, असे आमचे मत झाले आहे. आज त्याच आधाराने चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

आपल्यापैकी निम्मे श्रोते सरकारी नोकरीतले असतील. त्यांना पुढील मजकूर सांगणे न लगे. इतरांसाठी सांगतो. केंद्र सरकारच्या नोकराला आपल्या गावी जाऊन येण्यासाठी प्रवास-सवलत मिळते. ही योजना १९५६ साली सुरू झाली आणि १९८८ च्या नियमांनी तिची नीट घडी बसली. या सवलतीसाठी प्रत्येकाला आपले 'होम टाऊन' कोणते ते जाहीर करावे लागते व त्याची नोंद सेवापुस्तकात होते. एकदा जाहीर केलेले गाव सामान्यतः कायमचे समजले जाते. खातेप्रमुखाच्या परवानगीने ते बदलता येते खरे, परंतु संपूर्ण नोकरीत एकदाच.

आता एखाद्याने सांगितलेले गाव खरोखर त्याचे आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी सरकारने चार कसोट्या घालून दिल्या आहेत. पहिली: घरगुती व सामाजिक कर्तव्यांसाठी त्या नोकराने अधूनमधून तेथे जातीने हजर राहणे आवश्यक असते काय, आणि नोकरीत आल्यावर तो तेथे जात-येत राहिला आहे काय? दुसरी: तेथे त्याचे स्वतःचे किंवा एकत्र कुटुंबाचे घर आहे काय? तिसरी: त्याचे जवळचे नातेवाईक तेथे राहतात काय? आणि चौथी: नोकरी लागण्यापूर्वी तो तेथे काही वर्षे राहिला होता काय? पहिली कसोटी लागू पडली नाही तरच दुसरी लावावयाची, दुसरी नाही तर तिसरी, असा क्रम आहे. या चारही कसोट्यांत जन्मस्थानाचा उल्लेख नाही, आणि वाडवडील कोठले हेही कोणी विचारलेले नाही. पहिला मान दिला आहे तो कर्तव्याला आणि हजेरीला.

१९९३ साली रुजू होताना आम्ही या रकान्यात 'बार्शी, जिल्हा सोलापूर' असे लिहिले. ते अद्याप तसेच आहे. गेली दोन वर्षे मात्र हा रकाना आमच्या घरी रोज जेवणाच्या वेळी निघत असे. बार्शीचे घर ठेवावे की सोडावे, निवृत्त झाल्यावर तिकडे परत जावे की येथेच राहावे, याचा निकाल लावणे भाग होते. कारण त्या घरात दुसरे एक कुटुंब नांदत होते आणि त्यांचेही आयुष्य त्या निकालावर अडून राहिले होते. तो निकाल कसा लागला ते शेवटी येईलच. प्रथम प्रवास सांगतो.

आमचा जन्म १९७० चा, बार्शी तालुक्यातील पांगरी या गावचा. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे विकावी लागली, आणि खडी फोडण्याच्या कामावर काही महिने काढल्यानंतर आजोबांनी सारे बिऱ्हाड बार्शीला हलविले. वडिलांना तेथे एका अडत दुकानात दिवाणजीची नोकरी मिळाली. म्हणजे ज्या बार्शीला आम्ही आमचे मूळ गाव म्हणतो, तेथे आम्ही बैलगाडीत बसून, दोन वर्षांचे असताना, बाहेरूनच आलो. आजोबा अखेरपर्यंत "आपलं गाव पांगरी" असे म्हणत. वडील कधी पांगरी म्हणत, कधी बार्शी. आम्ही केवळ बार्शी म्हणतो.

१९८६ साली आम्ही पुणे मंडळाची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो. पुढे बारावी आणि १९९१ साली अर्थशास्त्र घेऊन बी. ए., दोन्ही बार्शीतच. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले. आमच्या वेळी आमची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. भगवंताच्या देवळापासून मार्केट यार्डापर्यंत एवढेच आमचे जग होते. सुट्टीत वडिलांच्या दुकानी बसून ज्वारी-तुरीच्या पट्ट्या लिहिण्याचे काम करीत असू. हिशेबाचा नाद तेथे लागला, आणि त्याच बळावर पुढे स्टाफ सिलेक्शनची परीक्षा दिली.

बार्शी सोडून बाहेर जावयाचे तर त्या काळी 'बार्शी लाईट' ही छोटी गाडी होती. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरून धावणारी ही गाडी पुढे एका बाजूला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली होती. ती कुर्डुवाडीला आणून सोडी, आणि तेथे मोठ्या रुळांची गाडी पकडावी लागे. १९९३ च्या उन्हाळ्यात एक ट्रंक, एक वळकटी आणि वडिलांनी दुकानातून आणून दिलेली चार रिकामी बारदाने घेऊन आम्ही कुर्डुवाडीला गाडी बदलली. ती छोटी गाडीही आता राहिली नाही. २००८ सालापर्यंत बार्शीवरून जाणारा लातूरचा मार्ग मोठ्या रुळांचा झाला. बारदाने मात्र टिकली. दुकानाचा शिक्का असलेल्या त्या पोत्यांतून आमचे पाटा-वरवंटा, डबे आणि पुस्तके पुढे पाच ठिकाणी गेली.

मुंबईत रुजू होऊन चारच महिने झाले होते, तोच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. बार्शीची हानी त्या मानाने किरकोळ म्हणावयाची. परंतु आमच्या दगडमातीच्या घराची मागची भिंत फुगली, आणि आईवडील, चुलते, चुलती व चुलतभाऊ पंधरवडाभर अंगणात झोपले. दूरध्वनी लागेना, तारेचे उत्तर येईना. रजा मिळवून आम्ही पोहोचलो, भिंत उतरवून पुन्हा रचून घेतली, आणि परतलो. पहिल्या कसोटीतील 'जातीने हजर राहणे' म्हणजे काय, ते तेव्हा प्रथम कळले.

१९९६ साली विवाह झाला. सौभाग्यवती मिरजेच्या, मुंबईत एका शाळेत शिकवीत होत्या. १९९८ साली भोपाळला बदली झाली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. सौ. नी शाळेचा राजीनामा दिला. गंमत अशी की, हिंदी मुलखात 'राजीनामा' याचा अर्थ संमतीचा वा समझोत्याचा कागद. त्यामुळे नोकरी सोडल्याचे तिकडच्या शेजारणीला समजावून सांगताना त्यांची बरीच तारांबळ उडाली. वडिलांचीही अशीच एकदा गल्लत झाली. घरासाठी कर्ज काढण्याच्या आमच्या अर्जावर कार्यालयाने 'विभाग को आपत्ति नहीं है' असा शेरा मारला होता. त्याची नक्कल वडिलांना पाठविली, तर त्यांचे उलट टपाली पत्र आले: "विभागावर आपत्ती नाही हे वाचून समाधान वाटले. कर्जाचे काय झाले ते कळवावे."

भोपाळला सौ. नी दुसरी शाळा धरली. २००४ साली आमची बदली गुवाहाटीला झाली. ईशान्येकडे गेलेल्या नोकराच्या कुटुंबाला आधीच्या ठिकाणचे सरकारी घर ठेवता येते. त्या सवलतीमुळे सौ., मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा भोपाळला राहिले, आणि आम्ही दोन वर्षे ब्रह्मपुत्रेच्या काठी एकटे. तेथील माणसे फार प्रेमळ. बिहूला शेजाऱ्यांनी खांद्यावर गामोसा घातला आणि पिठा खाऊ घातला, हे आम्ही विसरलो नाही.

परंतु त्याच मुक्कामात, २००५ साली, वडील गेले. निरोप रात्री मिळाला. गुवाहाटीहून कोलकाता, तेथून मुंबई, तेथून सोलापूरची गाडी आणि पुढे एस. टी. असे करीत आम्ही तिसऱ्या दिवशी बार्शीच्या अंगणात पाय ठेवला. अंत्यसंस्कार अर्थातच उरकले होते. अग्नी चुलतभावाने दिला होता. वडिलांच्या शेवटच्या आजारात रात्री जागणारा तोच, दवाखान्यात नेणारा तोच. आमची पाठीवर थाप मारून तो इतकेच म्हणाला, "दादा, तू लांब होतास, मी जवळ होतो. एवढाच फरक." त्या वाक्यात त्याने आम्हांस दोष दिला नाही, की स्वतःकडे मोठेपणही घेतले नाही. पुढे घराचा निकाल लावण्याची वेळ आली तेव्हा हेच वाक्य आमच्या उपयोगी पडले.

२००६ साली दिल्लीस आलो. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत घर मिळाले, आणि त्याच वर्षी आपल्या मंडळाचे आम्ही सभासद झालो. मंडळ तेव्हा एकतीस वर्षांचे होते. १९७५ साली सरकारी वसाहतींतील ज्या कुटुंबांनी ते स्थापिले, त्या वेळी द्वारका नावाची ही वसाहत अस्तित्वातच नव्हती. येथे पालम, काकरोला, पोचनपूर, बागडोला अशी गावे आणि त्यांची शेते होती. दिल्ली विकास प्राधिकरणाने पुढे पप्पनकलां या नावाने साडेपाच हजारांवर हेक्टरांची ही उपनगरी आखली; सहकारी गृहसंस्थांनी इमारती उभ्या केल्या; प्रारंभीची पुष्कळ वर्षे पाण्याचे टँकर आणि मोकळ्या रस्त्यांवरचा अंधार यांतच लोकांनी दिवस काढले. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो येथवर आली आणि मग माणसांचा ओघ सुरू झाला. सरकारी घरे सोडावी लागलेले आपले निवृत्त सभासद एकेक करून इकडे आले, आणि त्यांच्या मागोमाग मंडळही आले. म्हणजे आपले मंडळसुद्धा बदली होऊन आलेलेच आहे!

२०१० साली आम्ही येथे एका गृहसंस्थेत घर घेतले. २०१२ ते २०१६ हैदराबादला काढून मग या घरात राहावयास आलो. येथे राहू लागल्यावर एक गोष्ट मनात आली. आमच्या बार्शीपासून पंढरपूर फार लांब नाही. तिकडे घरोघरी सांगतात की, रुक्मिणी रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली, तिच्या शोधात श्रीकृष्ण आले, आणि पुंडलिकाने पुढे टाकलेल्या विटेवर जे उभे राहिले ते परत गेलेच नाहीत. मथुरेहून द्वारका, द्वारकेहून पंढरपूर. देवाचीही दोनदा बदली झाली म्हणावयाची. आम्ही उलट दिशेने, पंढरीच्या मुलखातून या नव्या द्वारकेत आलो. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्याला पुंडलिकानं वीट तरी दिली. तुमचं तुम्हांलाच बघावं लागतंय."

आई २०१६ पासून आमच्याकडे होती. प्रथम तिला करमेना. "हितली माणसं वंगाळ न्हाईत, पर हाक मारायला ओसरी न्हाई," ही तिची तक्रार. आठव्या मजल्यावर ओसरी कोठून आणावी? तिने आपल्यापुरती तोड काढली. उद्वाहकाशेजारच्या मोकळ्या जागेत ती सायंकाळी पाट टाकून शेंगा सोलीत बसू लागली. समोरच्या घरातील गढवाली आजी येऊन बसू लागल्या, मग खालच्या मजल्यावरील केरळीय बाई. कोणाची भाषा कोणास धड येत नव्हती. सहा महिन्यांत मात्र तिन्ही घरांत शेंगदाण्याची चटणी होऊ लागली, आणि मजल्यावर कोणाला ताप आला तर तो तिघींना आधी कळू लागला.

मुलांविषयीही सांगितले पाहिजे, कारण दूरदेशी राहणाऱ्या मराठी घरांची ती नित्याची चिंता आहे. दोघेही केंद्रीय विद्यालयांत शिकली. मुलीने बदल्यांपायी चार विद्यालये पाहिली. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. लिपी देवनागरीच असल्यामुळे वाचनाची अडचण नव्हती. अडत असे ते 'ळ' पाशी. आजोबा आंतर्देशीय पत्राच्या तळाशी नातीसाठी मोठ्या अक्षरांत 'बाळ, लवकर ये' असे लिहीत आणि ती ते 'बाल, लवकर ये' असे वाची. आजोबा गेल्यावर तिने ती पत्रे जपून ठेविली, आणि पुढे उच्च शिक्षणासाठी आपण होऊन पुणे निवडले. तेथे तिच्या बोलण्याला हिंदीचे वळण आहे म्हणून मैत्रिणी हसल्या. तिने मनावर घेतले नाही. आज ती पुण्यातच नोकरी करते आणि 'ळ' उत्तम म्हणते. मुलगा याउलट. तो येथेच, सेक्टर ३ मधील नेताजी सुभाष प्रौद्योगिकी विश्वविद्यालयात, अभियांत्रिकी शिकला. गुरुग्रामला नोकरीस जातो. आणि गाव विचारले की निःशंकपणे 'द्वारका' म्हणून सांगतो. म्हणजे आजोबांचे पांगरी, आमचे बार्शी, मुलीचे पुणे आणि मुलाचे द्वारका. चार पिढ्यांत चार गावे! त्यांपैकी कोणते खरे, हा वाद निरर्थक आहे. ज्याने जेथे आपली हजेरी लाविली, ते त्याचे.

हाच मुलगा फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तिन्ही दिवस जाऊन आला. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत संमेलन झाले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी ते पुन्हा येथे भरले, आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर अध्यक्षस्थानी होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचे ते पहिलेच संमेलन. तेथून परत आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ही गर्दी सगळी आपली होती!" 'आपली' हा शब्द त्याने उच्चारला याचे आम्हां उभयतांना फार समाधान वाटले. गाव द्वारका आणि भाषा मराठी, यांत त्याला कसलीही विसंगती वाटत नाही, आणि वाटू नये.

आता घराच्या निकालाकडे वळतो. त्याआधी दोन प्रसंग सांगणे अवश्य आहे, कारण तो निकाल त्यांवरच उभा आहे.

पहिला एप्रिल-मे २०२१ मधला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीने काय भोगले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. प्राणवायूची नळकांडी, रुग्णालयातील खाट, औषध, सारेच दुर्मिळ. आमच्या घरी आम्ही उभयता आजारी; आई एका खोलीत, मुलगा दुसऱ्या खोलीत. सतरा दिवस आमच्या दाराच्या कडीला डबा लागत होता: सकाळी गढवाली शेजाऱ्यांचा, दुपारी मंडळाच्या तरुण सभासदांनी फिरवलेला, रात्री खालच्या मजल्यावरचा. बार्शीहून चुलतभाऊ दिवसातून दोनदा फोन करी आणि यावयास निघतो म्हणे. आम्हीच त्यास थोपविले.

दुसरा प्रसंग डिसेंबर २०२२ चा. आई येथे गेली. पहाटेची वेळ, बाहेर दाट धुके. दीड तासात मंडळाची आठ माणसे आली. त्यांपैकी दोघांनी आईला कधी पाहिलेही नव्हते. खांदा देणाऱ्या चौघांत एक आमचा मुलगा, एक मंडळाचे चिटणीस, एक गढवाली शेजारी आणि एक केरळीय गृहस्थ. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी सायंकाळी पोहोचला. दिव्यापाशी बसून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता तू जवळ होतास अन् मी लांब." अस्थी आम्ही दोघांनी मिळून पंढरपुरास चंद्रभागेत विसर्जित केल्या.

त्यानंतर बार्शीच्या घराचा प्रश्न उभा राहिला. घर जुने, दोन भावांच्या नावावर. निम्मा हिस्सा आमच्या वडिलांचा, म्हणून आमचा. चुलतभावाचे कुटुंब त्यात राहते. त्याच्या मुलाला खालच्या भागात दुकान काढावयाचे होते, त्यासाठी बँकेचे कर्ज हवे होते, आणि आमचा हिस्सा मोकळा झाल्याखेरीज ते मिळत नव्हते. त्याने आमच्यापाशी शब्दही काढला नाही. आम्हांस ते इतरांकडून कळले. दुसऱ्या बाजूने, निवृत्त होऊन बार्शीच्या माडीवर राहावे, सकाळी भगवंताचे दर्शन घ्यावे, हुरड्याच्या दिवसांत पांगरीला जावे, असे चित्र आम्ही तीस वर्षे उराशी बाळगले होते. ते सोडणे सोपे नव्हते.

सौ. चे म्हणणे मात्र स्पष्ट होते. "मुंबई, भोपाळ, रामकृष्णपुरम, हैदराबाद, द्वारका. पाच संसार मी मांडले आणि चार मोडले. तीन शाळांची नोकरी सोडली. सहावा संसार मी मांडणार नाही." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बदलीचा हुकूम आमच्या नावे निघे, पण त्याची अंमलबजावणी त्या करीत. बारदाने भरणे, मुलांची शाळा शोधणे, नव्या गावी दूधवाला आणि डॉक्टर ठरविणे, हे सर्व त्यांनीच केले. येथे त्या २०१६ पासून एका शाळेत शिकवीत आहेत. आठ-नऊ वर्षे एकाच शाळेत टिकण्याचा हा त्यांच्या आयुष्यातील पहिलाच योग.

तेव्हा आम्ही सरकारी कसोट्या क्रमाने लावून पाहिल्या. बार्शीला आमच्या जातीने हजर राहण्याची आवश्यकता होती. ती वीस वर्षे चुलतभावाने भागविली. वडिलांच्या उशाशी तो बसला, भिंती त्याने लिंपल्या, घरपट्टी त्याने भरली, सणावाराला देवापुढे दिवा त्याने लाविला. पहिल्या कसोटीने ते घर त्याचे ठरते. आमच्या हजेरीची आवश्यकता आज आहे ती द्वारकेत. जे घरी डबा घेऊन आले त्यांच्याकडे, जे खांदा द्यावयास आले त्यांच्याकडे. हा विचार एकदा स्पष्ट झाल्यावर पुढचे सोपे झाले. जानेवारी २०२५ मध्ये बार्शीस जाऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आम्ही चुलतभावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. मोबदला घेतला नाही. तो सही करावयास तयार होईना, शेवटी सौ. नी त्याला समजाविले. घरी परतल्यावर त्याने माडीवरच्या खोलीची किल्ली सौ. च्या हाती दिली आणि म्हणाला, "वैनी, हे काही दस्तात लिहिलेलं नाही." ती किल्ली आमच्या देव्हाऱ्यात आहे. पुतण्याचे दुकान दसऱ्याला सुरू झाले.

आता राहिला सेवापुस्तकातील रकाना. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने सुचविले, "घर सोडलेत, आता होम टाऊन बदलून घ्या, एकदा बदलता येते." आम्ही नियम पुन्हा वाचला. पहिली कसोटी द्वारकेकडे झुकली, दुसरी दस्ताबरोबर गेली. परंतु चौथी, म्हणजे नोकरीपूर्वीच्या वास्तव्याची, अद्याप शाबूत आहे. बार्शीत काढलेली आमची एकवीस वर्षे कोणत्याही हक्कसोडपत्राने कमी होत नाहीत. तेव्हा नोंद आहे तशीच राहू दिली. ज्याने हे नियम लिहिले तो कोण होता हे आम्हांस ठाऊक नाही. पण एका गावात कर्तव्य आणि दुसऱ्या गावात बालपण असलेली माणसे या देशात पुष्कळ असतात, हे त्याला नक्कीच ठाऊक असावे.

अध्यक्षमहाशय, आता मंडळाविषयी एक सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.

पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकू आणि सहली केल्या. त्या सर्वांचे मोल आहेच. परंतु आमच्यासारख्यांना या परमुलखात गाव दिले ते कोणाच्या तरी दारी वेळेवर जाऊन उभे राहणाऱ्या सभासदांनी. आज द्वारकेच्या निरनिराळ्या सेक्टरांत आपले कित्येक ज्येष्ठ सभासद एकेकटे वा दोघेदोघे राहतात. त्यांची मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी आहेत. ती मुले मनाने वाईट नाहीत. आम्ही गुवाहाटीस होतो तशी ती लांब आहेत, इतकेच. ती लांब असतील तर आपण जवळ असले पाहिजे. म्हणून आमची विनंती अशी की, सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात मंडळाने अशा घरांची एक यादी सेक्टरवार करावी, आणि प्रत्येक धडधाकट सभासदाने त्यांतील दोन घरे आपली मानावीत. आठवड्यातून एकदा जावे, बसावे, चहा घ्यावा. औषध, बँक, मोबाईलवरचा एखादा अर्ज, काही अडले असल्यास पाहावे. शक्य तर सोबत आपल्या मुलांना न्यावे. त्यांना मराठी ऐकावयास मिळेल आणि वडीलधाऱ्यांना ती कोणाशी तरी बोलावयास मिळेल. यास निधी लागत नाही, सभागृह लागत नाही, की पोलीस परवानगी लागत नाही.

आम्ही व सौभाग्यवती यांनी सेक्टर १२ मधील दोन घरे आजच घेतली आहेत. यादीची वही सभागृहाच्या दाराशी चिटणीसांकडे ठेविली आहे. जाता जाता आपले नाव व सेक्टर तीत लिहावे.